थडग्यातून आलेलं पोर, आणि त्याला घाबरणारे आपण

(आपल्या पॉडकास्टच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी, आणि ज्यांचे इअरफोन नेमके आजच घरी राहिलेत त्यांच्यासाठी.)

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण सुरुवात होते माझ्या ताईच्या घरातल्या एका वाटीपासून.

तर झालं असं. गेल्या महिन्यात एका रविवारी भाची माझ्याकडे होती. वय वर्षं आठ. दुपारी ती कंटाळली, मीही कंटाळलो होतो. म्हटलं चल, अ‍ॅनिमे बघू. मोबाईलवर ‘गेगेगे नो कितारो’ लावलं. 2018 साली सुरू झालेली मालिका, इंग्लिश सबटायटल्सवाली. तिला तेवढ्या वेगात इंग्लिश वाचता येत नाही, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो. पहिल्याच भागात टोकियोच्या गर्दीच्या चौकात माणसांची झाडं होतात. मी चोरून तिच्याकडे बघत होतो, घाबरते की काय! छे. तिला फक्त एकच गोष्ट आवडली. कितारोच्या केसांत राहणारा त्याचा बाबा.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कितारो हा भुतांच्या कुळातला शेवटचा मुलगा. त्याचा बाबा मेलाय, पण पूर्ण नाही. त्याचा एक डोळा तेवढा शिल्लक आहे. त्या डोळ्याला छोटंसं अंग आहे, हातपाय आहेत, आणि तो पोराच्या केसांत बसून त्याला सल्ले देतो. त्याचं नाव मेदामा-ओयाजी, म्हणजे ‘डोळेवाला बाप’ म्हणा. आणि या डोळेबाबाला चहाच्या वाडग्यात गरम पाणी घालून अंघोळ करायला फार आवडतं.

दोन दिवसांनी रात्री साडेदहाला ताईचा फोन. आवाज चढलेला. “तू काय दाखवलंस रे तिला? भिंतीवरच्या फोटोखाली गरम पाण्याची वाटी ठेवलीय तिने. विचारलं तर म्हणते, बाबाला अंघोळीला. आणि वर मलाच विचारते, आई, आपल्या बाबाचा डोळा कुठंय?”

माझे भावोजी 2021 च्या एप्रिलमध्ये गेले, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. भाची तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. ताई म्हणाली, “मेलेल्या माणसांचं भुताटकीचं कार्टून या पोरीला दाखवताना तुला काहीच वाटलं नाही?”

मी सॉरी म्हटलं. फोन ठेवला. आणि झोप उडाली.

मग शोधायला बसलो. मला जे सापडलं ते असं की, ताईचा प्रश्न जपानमध्ये नव्वदेक वर्षं विचारला जातोय. हे असलं पोरांना दाखवायचं का? आणि गंमत म्हणजे प्रत्येक वेळी विचारणारा मोठा माणूस असतो. पोरं दुसरंच काहीतरी विचारत असतात. आज आपण तेच बघणार आहोत. कितारोला बघून कोण, कधी, का घाबरलं.

सहा नाणी आणि थोडीशी गोळी

कितारोच्या आधी एक जुनी लोककथा आहे. जपानभर तिची वेगवेगळी रूपं सांगतात. तिच्यासारखी कथा चीनच्या जुन्या पुस्तकांतही आहे. जपानीत तिला म्हणतात ‘कोसोदाते युरेई’, म्हणजे पोर वाढवणारं भूत.

रात्री दुकान बंद करायच्या वेळी एक फिकट चेहऱ्याची बाई येते. एक नाणं देते आणि ‘आमे’ घेऊन जाते. आमे म्हणजे धान्यापासून केलेली चिकट, गोड गोळी किंवा पाक. दुसऱ्या रात्री परत येते. तिसऱ्या रात्री परत. असं सहा दिवस. सातव्या दिवशी तिच्याकडे पैसे नसतात. दुकानदाराला संशय येतो, तो तिच्या मागे मागे जातो. ती स्मशानात शिरते आणि दिसेनाशी होते. मग जमिनीखालून बाळाचं रडणं ऐकू येतं. खणून बघतात तर गरोदरपणी मेलेल्या बाईचं प्रेत, आणि तिच्याजवळ जिवंत बाळ. थडग्यात जन्मलेलं.

आता ती सहा नाणी कुठली? जपानमध्ये मृताबरोबर सहा नाणी ठेवायची पद्धत होती. परलोकात जाताना सान्झू नावाची नदी लागते, तिच्या पलीकडे जायचं भाडं म्हणून. म्हणजे बघा, या आईने स्वतःचं नदी ओलांडायचं भाडं पोराच्या खाऊवर खर्च केलं.

क्योतोमध्ये ही गोळी विकणारं दुकान आजही आहे. मिनातोया त्याचं नाव. त्या दुकानाची कथा 1599 सालची सांगतात, आणि ते बाळ पुढे बौद्ध भिक्षू झालं असंही सांगतात. अशीच कथा मात्सुए शहरातही आहे. 1890 मध्ये तिथे राहायला आलेल्या लाफकाडिओ हर्न या लेखकाने ती ऐकली आणि 1894 मध्ये इंग्लिश पुस्तकात छापली. त्याच्या कथेत थडगं उघडतात तेव्हा आतलं बाळ कंदिलाचा उजेड बघून हसत असतं.

ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो, खरंय. पण नीट बघितलं तर या गोष्टीत भूत कुणालाच त्रास देत नाही. ते पोराला खाऊ घालतंय. यातली खरी भीती एकच आहे. आई मेली, आता या पोराचं काय?

हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे सगळीकडे हाच येणार आहे.

सायकलवरचा टीव्ही

आता 1930 च्या दशकात येऊ. जपानच्या शहरांतल्या गल्ल्यांमध्ये एक माणूस सायकलवर येतो. मागे लाकडी पेटी बांधलेली. लाकडाचे दोन ठोकळे टाकटाक वाजवतो, पोरं गोळा होतात. आधी तो त्यांना खाऊ विकतो. मग पेटी उघडून एकामागून एक चित्रं सरकवत गोष्ट सांगतो. याला म्हणतात कामिशिबाई, कागदी नाटक. गोष्टीच्या ऐन रंगात “पुढचं उद्या!” म्हणायचं आणि निघून जायचं. आजच्या वेब सिरीजवाल्यांनी काही नवीन शोधलेलं नाही, बरं का.

यात प्रेक्षकांची प्रतिक्रिया मोजायची पद्धत फार साधी होती. गोष्ट आवडली तर पोरं दुसऱ्या दिवशी येणार आणि खाऊ घेणार. नाही आवडली तर धंदा बसला. लाईक नाही, कमेंट नाही, थेट रोकड.

आणि या पोरांनी ज्या गोष्टी डोक्यावर घेतल्या त्यात एक होती ‘हाकाबा कितारो’. हाकाबा म्हणजे स्मशान. लेखक मासामी इतो. थडग्यात जन्मलेल्या पोराच्या त्याच जुन्या लोककथेवर बेतलेली. पोरं खूश. शिक्षक आणि पालक मात्र अस्वस्थ. कामिशिबाईतली चित्रं भडक आहेत, किळसवाणी आहेत, पोरं बिघडतील, अशी ओरड त्या काळात बरीच झाली. पोलिसांचं नियंत्रणही आलं.

मला इथे एक गोष्ट फार आवडते. लोककथेत भूत-आई पोरासाठी गोळी विकत घेते. आणि तीनशे-साडेतीनशे वर्षांनी पोरं गोळी विकत घेऊन त्या पोराची गोष्ट बघतायत.

एक हात, एक आजी, एक पत्र

आता आपला मुख्य माणूस. शिगेरू मिझुकी. खरं आडनाव मुरा. जन्म 8 मार्च 1922. वाढला साकाईमिनातो या समुद्रकाठच्या गावात, म्हणजे हर्नच्या त्या मात्सुएच्या जवळच.

लहानपणी त्याच्या घरी एक म्हातारी यायची. सगळे तिला नोन्नोनबा म्हणत. आपल्याकडे ‘देवदेव करणारी आजी’ म्हणतात ना, तसं काहीसं नाव. तिने या पोराला योकाई शिकवले. योकाई म्हणजे भुतं, पिशाच्चं, विचित्र जीव, सगळं एकत्र. छपरावर डाग दिसला तर तो कुणी चाटला, रात्री मागून पावलं वाजली तर ती कुणाची, हे सगळं त्या आजीला ठाऊक. माझ्या आजीला गावातल्या प्रत्येक पिंपळावरचा मुंजा नावानिशी ठाऊक होता, तसंच.

नोन्नोनबाच्या गोष्टींमुळे पोराची झोप उडायची का? उडत असणार. पण मिझुकीने पुढे आयुष्यभर तिचे उपकार मानले, तिच्यावर पुस्तक लिहिलं.

मग युद्ध आलं. मिझुकीला सैन्यात भरती करून पॅसिफिकमधल्या न्यू ब्रिटन बेटावर रबाऊलला पाठवलं. 1944 मध्ये त्याच्या तुकडीवर हल्ला झाला, बरोबरचे सगळे मारले गेले, तो एकटा जीव घेऊन पळाला. कसाबसा परतला. मग मलेरियाने आडवा पडलेला असताना विमानातून बॉम्ब पडले आणि डावा हात गेला. घरी परतला तो एका हाताने. पुढची सगळी चित्रं त्याने उजव्या हाताने काढली.

युद्धानंतर पोटासाठी त्याने कामिशिबाईची चित्रं काढायला घेतली. 1954 च्या सुमारास एका कामिशिबाईवाल्याने त्याला त्या जुन्या गाजलेल्या स्मशानातल्या पोराबद्दल सांगितलं. मूळ लेखक इतोची परवानगी घेऊन मिझुकीने स्वतःचा कितारो काढायला सुरुवात केली.

पण तेवढ्यात टीव्ही आला आणि कामिशिबाई मेली. मिझुकी टोकियोला गेला आणि भाड्याने मिळणाऱ्या मंगांसाठी काढू लागला. आपल्याकडे पूर्वी गल्लीत कॉमिक्सची लायब्ररी असायची, दिवसाला रुपया-दोन रुपये, तसली दुकानं. 1960 मध्ये तिथे त्याची कितारोच्या जन्माची गोष्ट आली.

आणि ती गोष्ट काळीकुट्ट आहे. मिझुकी नावाचाच एक माणूस, रक्तपेढीत नोकरी करणारा, भुतांच्या कुळातल्या शेवटच्या जोडप्यापर्यंत पोचतो. दोघंही आजारी. दोघंही मरतात. बाई गरोदर असते, तिला तो पुरतो. मग एका रात्री ओल्या मातीतून एक बाळ रांगत बाहेर येतं. तो माणूस इतका घाबरतो की बाळाला ढकलून देतो. बाळाचा डोळा थडग्याच्या दगडावर आपटून फुटतो. कितारोचा डावा डोळा कायम केसांनी झाकलेला का, त्याचं हे कारण. आणि तिकडे बापाच्या कुजलेल्या प्रेतातून एक डोळा गळून पडतो आणि चालायला लागतो. का? तर पोराला एकटं सोडवत नाही म्हणून.

हे वाचून मी जरा थांबलो. भाचीला नेमकं काय आवडलं होतं ते तेव्हा कळलं.

पुढची गंमत ऐका. ते मासिक खपलं नाही. दोन अंकांत बंद. प्रकाशकाने कितारोला पुन्हा स्मशानात पाठवायचं ठरवलं होतं. पण एका वाचकाचं लांबलचक, कळकळीचं पत्र आलं, गोष्ट थांबवू नका म्हणून. आणि प्रकाशकाने निर्णय बदलला. म्हणजे कितारो आज आहे तो एका वाचकाच्या प्रतिक्रियेमुळे. तेव्हा मंडळी, पत्रं लिहीत जा!

“स्मशान” शब्द नको

1965 मध्ये कितारो मोठ्या साप्ताहिकात आला, ‘शोनेन मॅगझीन’मध्ये. नाव ‘हाकाबा नो कितारो’, स्मशानातला कितारो. सुरुवातीला थंड प्रतिसाद, मग हळूहळू लोकांनी उचललं. त्याच वर्षी मिझुकीला दुसऱ्या एका मंगासाठी मोठा पुरस्कारही मिळाला. भाड्याच्या मंगात सिगारेट ओढणारा, माणसांशी फटकून वागणारा कितारो इथे थोडा सौम्य झाला, माणसांच्या बाजूने लढू लागला.

मग टीव्हीवाल्यांना रस वाटला. पण मालिकेला प्रायोजक लागतो. आणि बिस्किटं-चॉकलेटं विकणाऱ्याला ‘स्मशान’ या शब्दाशेजारी आपलं नाव नको असतं. साहजिक आहे. घोडं तिथेच अडलं. शेवटी नाव बदललं, ‘गेगेगे नो कितारो’. हे ‘गेगे’ कुठून आलं? लहानपणी मिझुकीला स्वतःचं नाव शिगेरू म्हणता यायचं नाही, तो गेगेरू म्हणायचा. म्हणून घरी त्याला गेगे म्हणत. म्हणजे स्मशान काढलं आणि तिथे एका पोराचं बोबडं नाव बसवलं.

3 जानेवारी 1968. फुजी टीव्हीवर पहिला भाग. कृष्णधवल. आणि विषय कुठला? बेसबॉल! एका मुलाला योकाईंची बॅट सापडते आणि मग रात्री स्मशानाच्या मैदानात भुतांबरोबर मॅच होते. हरलात तर जीव द्यायचा. आपल्याकडे करायचं झालं तर क्रिकेट घ्यावं लागेल.

पोरं वेडी झाली. 65 भाग चालले. शीर्षकगीत मिझुकीनेच लिहिलं होतं, भुतांच्या बिनशाळेच्या, ऐटीतल्या आयुष्याबद्दल. शाळेचं दप्तर पाठीवर घेतलेल्या मुलाला त्यात काय दिसलं असेल, सांगायलाच नको. भीती? नाही हो, हेवा! त्याच वर्षी मोठ्या स्टुडिओने योकाईंवरचे सिनेमे काढले, सगळीकडे योकाईंची लाट आली. नोन्नोनबाने एका पोराला सांगितलेल्या गोष्टी आता देशभरातल्या पोरांना पाठ झाल्या.

त्यानंतर प्रत्येक पिढीला तिचा कितारो मिळाला. 1971 मध्ये रंगीत. मग 1985, 1996, 2007, 2018. सहा मालिका. जपानमध्ये कुणाला वय विचारायचं नसेल तर “तुमचा कितारो कितवा?” असं विचारावं.

सकाळचा कितारो, मध्यरात्रीचा कितारो

2008 च्या सुरुवातीला मात्र एक गमतीशीर गोष्ट झाली. एकाच फुजी टीव्हीवर एकाच वेळी दोन कितारो सुरू होते.

एक रविवारी सकाळी नऊला. मुलांसाठी. गोड, शूर, मित्रांसाठी धावणारा.

दुसरा गुरुवारी मध्यरात्रीनंतर. मोठ्यांसाठी. नाव परत जुनं, ‘हाकाबा कितारो’. चाळीस वर्षांपूर्वी प्रायोजकांनी नको म्हटलेला शब्द परत आला. अकरा भाग. 1960 च्या त्या काळ्या गोष्टी, थडग्यातून रांगत येणाऱ्या बाळासकट.

म्हणजे ‘हे पोरांना दाखवायचं का’ या प्रश्नाचं टीव्हीवाल्यांनी वेळापत्रकात उत्तर दिलं. थडगं रात्री, मैत्री सकाळी. हुशारी आहे. पण विचार करा, मूळ गोष्टीत या दोन गोष्टी वेगळ्या होत्याच कुठे? भूत-आई थडग्यातूनच गोळी आणायला निघते ना?

पोराचा आवाज बापाचा झाला

आता मला या इतिहासातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो.

1968 च्या कितारोचा आवाज होता मासाको नोझावा यांचा. तेव्हा वय 31. हो, याच त्या, ज्यांनी पुढे ‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकूला आवाज दिला. आणि डोळेबाबाचा आवाज इसामू तानोनाका. किनरा, प्रेमळ, किंचित चिडका. तानोनाकांनी तो आवाज इतकी वर्षं दिला की पिढ्या बदलल्या, कितारोचे आवाज बदलले, पण बाबाचा आवाज तोच राहिला. 2010 च्या जानेवारीत तानोनाका गेले.

2018 मध्ये सहावी मालिका ठरली तेव्हा प्रश्न आला, बाबा कोण होणार? तर नोझावा. वय 81. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी मुलाचा आवाज दिला, त्या आता बाबा झाल्या. कितारोचा आवाज मियुकी सावाशिरो या नव्या अभिनेत्रीकडे गेला.

पहिला कितारो ऐकत मोठे झालेले प्रेक्षक तोवर आजी-आजोबा झाले होते. नातवंडांबरोबर टीव्हीसमोर बसल्यावर त्यांच्या कानावर काय पडलं असेल बघा. आपल्या लहानपणीच्या त्या पोराचा आवाज, आता बापाच्या तोंडून. बाप गेला की एक दिवस आपल्याच तोंडून बापाचं बोलणं बाहेर येतं, हे मोठ्या माणसांना माहीत असतं. तेच त्यांना टीव्हीवर ऐकू आलं.

मोठी माणसं रडली तेव्हा

17 नोव्हेंबर 2023. सिनेमा आला, ‘कितारो तांजो: गेगेगे नो नाझो’, म्हणजे कितारोचा जन्म. दिग्दर्शक गो कोगा. मिझुकी तोवर नव्हते, 30 नोव्हेंबर 2015 ला 93 व्या वर्षी ते गेले.

(स्पॉइलर अलर्ट! सिनेमा बघायचा असेल तर पुढचे तीन परिच्छेद सोडा.)

काळ 1956. युद्धातून वाचलेला, रक्तपेढीत काम करणारा मिझुकी नावाचा माणूस एका दुर्गम गावात जातो. गावावर एका श्रीमंत घराण्याची पकड. तिथे त्याला एक विचित्र माणूस भेटतो, हरवलेल्या बायकोला शोधणारा. तोच कितारोचा बाबा, अजून सगळा शाबूत. आणि मग हळूहळू कळतं की त्या गावात सगळ्यात भयानक भुतं नाहीतच. एक म्हातारा आहे, ज्याने घराण्याच्या पैशासाठी स्वतःच्या नातीचं आयुष्य चिरडलंय. आणि जो आणखी जगता यावं म्हणून आपल्या लहानग्या नातवाचं शरीर बळकावतो. त्या नातवाचं नाव तोकिया. गुणी पोरगा, मोठा होऊन टोकियोला जायची स्वप्नं बघणारा.

तोकियाला कुणी वाचवू शकत नाही. कितारोच्या सिनेमात वाचतं ते थडग्यातलं बाळ. जिवंत घरातलं पोर वाचत नाही. अनेक वर्षांनी त्याचा आत्मा सापडतो तेव्हा तो एकच गोष्ट मागतो. मला विसरू नका.

आणि सगळ्यात शेवटी तो जुना प्रसंग येतो. पाऊस, स्मशान, मातीतून येणारं बाळ. मिझुकी घाबरतो, बाळाला दगडावर आपटायला उचलतो. 1960 पासून वाचणाऱ्यांना माहीत आहे की इथे बाळाचा डोळा फुटतो. पण यावेळी तो थांबतो. बाळाला छातीशी घट्ट धरतो.

थिएटरमध्ये लोक रडले. सिनेमाची जाहिरात फार मोठी नव्हती, पण बघून आलेल्यांनी इतरांना सांगितलं, लोक परत परत गेले. कमाई अडीचशे कोटी येनच्या पुढे गेली. प्रेक्षक प्रामुख्याने मोठी माणसं होती, त्यातही स्त्रिया बऱ्याच. लहान मुलांसाठी तो नव्हताच. बारा वर्षांखालच्यांनी मोठ्यांच्या सोबतीने बघावा, असं त्याचं प्रमाणपत्र. पुढच्या वर्षी नव्याने सुधारलेली आवृत्ती आली, तिला तर पंधरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नव्हता.

म्हणजे बघा कसं वर्तुळ झालं. 1930 च्या दशकात पोरांना ही गोष्ट एका गोळीच्या किमतीत मिळायची आणि मोठे नाक मुरडायचे. 2023 मध्ये मोठे तिकीट काढून रडत होते.

मला वाटतं, मोठ्यांना रडवलं ते भुताने नाही. इतकी वर्षं ते ‘हे पोरांना दाखवायचं का’ एवढंच विचारत होते. या सिनेमाने त्यांना पोरांचा प्रश्न विचारायला लावला. या बाळाचं काय होणार? त्याला उचलणार कोण? आणि पाठोपाठ दुसराही, जास्त अवघड. जे पोर वाचलं नाही, त्याची आठवण कोण ठेवणार?

परत त्या वाटीकडे

हे सगळं वाचून झाल्यावर पुढच्या रविवारी मी ताईकडे गेलो. भांडायला नाही, तिला सांगायला. भाची खाली खेळत होती. मी ताईला ते सगळं सांगितलं. गोळी विकत घेणारी भूत-आई. बापाच्या प्रेतातून निघालेला डोळा. ताई ऐकत होती, मध्ये काही बोलली नाही.

मग म्हणाली, “मला राग त्या कार्टूनचा नव्हता आला.”

आमच्याकडे भावोजींचा चेहरा शेवटचा कुणीच पाहिला नाही. त्या दिवसांत ज्यांच्या घरी असं झालं त्यांना माहीत आहे. हॉस्पिटलमधून फोन आला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं शरीर थेट स्मशानात गेलं, घरून एकच जण जाऊ शकला, तो मी. मलाही चेहरा दाखवला नाही. भाचीला आम्ही सांगितलं, बाबा देवाघरी गेला. फोटोला हार घातला आणि विषय बंद केला. साडेचार-पाच वर्षं तिच्यासमोर त्यांचं नावसुद्धा कुणी मोकळेपणाने घेत नव्हतं. का, तर पोर घाबरेल.

ताई म्हणाली, “ती घाबरलेली नाहीये रे. तिने मला सरळ विचारलं. मलाच उत्तर देता आलं नाही.”

भाची वर आली तेव्हा ताईने तिला जवळ बसवलं आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. बाबा आजारी कसा पडला, ऑक्सिजन, हॉस्पिटल, आपण भेटू का शकलो नाही. मी समोर बसलो होतो. खरं सांगतो, मान वर करायची हिंमत होत नव्हती. भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मामा, तू होतास ना तिकडे? बाबाला थंडी वाजत होती का?”

मी म्हटलं, “नाही गं. ऊन होतं.”

तिला तेवढं पुरलं. ती पाणी प्यायला गेली.

आता मी असं म्हणत नाही की लहान मुलांना सरसकट भयकथा दाखवा. अजिबात नाही. वय बघा, पोर बघा, आणि शेजारी बसा. मी शेजारी बसलो होतो, पण नंतर काय विचारलं जाईल याचा विचार केला नव्हता, ती माझी चूक होती आणि ताईचं रागावणं रास्त होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की, नव्वद वर्षं पोरं या गोष्टीत भूत बघत नव्हती. आई नसलेलं पोर आणि त्याला न सोडणारा बाप बघत होती. घाबरत होतो ते आपण. कारण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे तयार नव्हतं.

वाटीचं म्हणाल तर, ती अजून तिथेच आहे. भाचीला रोज आठवत नाही, पोरंच ती. ज्या दिवशी ती विसरते त्या दिवशी पाणी ताई बदलते.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात लहानपणी भुताच्या गोष्टी कोण सांगायचं? आजी, शेजारच्या काकू, गावाकडचे गडी? आणि त्या ऐकून तुम्ही नक्की कशाला घाबरायचात? मला जरूर लिहून पाठवा. एका पत्राने काय होऊ शकतं ते आज ऐकलंतच.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि घरच्यांशी बोला.